गाव आवडले म्हणून जागा घ्यावी का?

पत्र: "मी ५२ वर्षांची असून खारघरला राहते आणि वाशीतील एका खासगी कार्यालयात लेखा विभागात काम करते. मे महिन्यात आम्ही उभयता एका यात्रा कंपनीबरोबर हिमाचल प्रदेशात गेलो होतो. किन्नौरमधील कल्पा या गावी आमचा एकाच रात्रीचा मुक्काम ठरलेला होता. परंतु पुढे दरड कोसळून रस्ता बंद झाल्यामुळे एका कुटुंबाच्या घरी ४ रात्री राहावे लागले. बाकीचे सहप्रवासी चिडचिड करीत होते आणि मी मात्र रस्ता आणखी दोन दिवस उघडू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करीत होते. संध्याकाळी गच्चीवरून समोरचा किन्नर कैलास डोंगर गुलाबी होताना पाहून मला रडू आले. गेल्या १४ वर्षांत प्रथमच ४ दिवस 'आज भाजी कोणती करू' हा प्रश्न मला पडला नाही. घरातल्या आजींचे फोटो काढले आणि पाठवते म्हणून सांगितले. परत येऊन ५ महिने झाले, तरी लोकलमध्ये बसले की मी फोनवर कल्पाचे हवामान पाहते. कामोठ्याची दुसरी सदनिका विकून तिथे थोडी जागा घ्यावी, लहानसे घर बांधावे आणि निवृत्तीनंतर तिथेच जाऊन राहावे, असे वाटते. प्रवासात भेटलेल्या एका गृहस्थांनी '९९ वर्षांच्या कराराने जमवून देतो' असे सांगितले आहे. यजमान याला खूळ म्हणतात. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. मी काय करावे?" — एक वाचक, खारघर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला तो गुलाबी डोंगर दिसला आणि दुसऱ्या वाचनात ती भाजी दिसली. दोन्हींबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण आधी त्या ९९ वर्षांच्या कराराचा विषय संपवू या, कारण मनातला गुंता सहा महिन्यांनीही सोडवता येतो, अशा गृहस्थाच्या हाती दिलेला विसार मात्र सहसा परत येत नाही.

हिमाचल प्रदेशाचा कूळवहिवाट व जमीन सुधारणांचा १९७२ चा कायदा आहे आणि त्यातील कलम ११८ बाहेरून जाऊन जागा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचायला हवे. जो त्या राज्यातला शेतकरी नाही, त्याला राज्य शासनाच्या परवानगीवाचून तिथली जमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणून स्वीकारता येत नाही आणि भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. आपल्याकडील पुष्कळांचा असा समज असतो की, साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आहे म्हणजे आपण देशात कुठेही शेतकरी ठरतो. हिमाचलात तसे चालत नाही. तिथे शेतकरी म्हणजे त्या राज्यातली जमीन स्वतः कसणारा. त्यातही किन्नौर हा संपूर्ण जिल्हा १९७५ पासून अनुसूचित क्षेत्र आहे आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन पूर्वपरवानगीशिवाय इतरांकडे जाऊ नये, यासाठी १९६८ चा वेगळा कायदा तिथे लागू आहे. म्हणजे तुमच्या वाटेत एक नव्हे, दोन कुलपे आहेत. त्या गृहस्थांजवळ असलेली किल्ली बहुधा कोणातरी स्थानिकाच्या नावावर जमीन ठेवून तुमच्याशी खासगी कागद करण्याची असावी. कलम ११८ चा भंग झाल्याचे सिद्ध झाले तर ती जमीन शासनजमा होते आणि मग तुमचे पैसे जातात, त्या स्थानिकाची जमीनही जाते. कामोठ्याची सदनिका या कारणासाठी विकू नका. या बाबतीत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

ही कुलपे तुम्हाला जाचक वाटतील, परंतु त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहावे अशी माझी विनंती आहे. हा कायदा झाला तेव्हा डॉ. यशवंत सिंह परमार मुख्यमंत्री होते आणि पैसेवाल्या बाहेरच्यांपुढे डोंगरातला लहान शेतकरी टिकणार नाही, ही त्यामागची भीती होती. तुम्ही ज्या गच्चीवर उभ्या राहून रडलात, तिच्यासमोर आज सफरचंदाच्या बागा आहेत, बागांच्या वर देवदार आहेत आणि खाली सतलजच्या दरीपर्यंत नजर मोकळी जाते. त्या दृश्यावर जीव जडलेली दिल्लीची, चंडीगडची, मुंबईची माणसे तुमच्याआधी हजारोंनी येऊन गेलेली आहेत. त्यातल्या प्रत्येकाला 'थोडी जागा आणि लहानसे घर' घेता आले असते, तर तुमच्या वाट्याला ती गच्ची आली नसती. आलीच असती तर समोर कोणाच्या तरी घराची पाण्याची टाकी दिसली असती. जे तुम्हाला आवडले, ते बऱ्याच अंशी तुमच्या-माझ्यासारख्यांना तिथे अडवल्यामुळेच शिल्लक राहिले आहे.

हे मी खारघरच्या रहिवाशाला सांगत आहे, म्हणून थोडे अधिक बोलते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात आल्या. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के, म्हणजे संपादित जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचे विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना, हा शब्द आपण सदनिका घेताना कागदपत्रांत वाचतो आणि पुढचे पान उलटतो; त्याच्या मागे एवढा इतिहास आहे. नवी मुंबईत शासनाने जमीन घेतली, कल्पात तुम्ही स्वखुशीने पैसे मोजून घेणार, हा फरक मला मान्य आहे. तरीही गावाचे शहर झाले की गावकऱ्याला काय उरते, हे पाहायला आपल्याला किन्नौरला जावे लागत नाही. मी घोडबंदर रस्त्यालगत राहते. वाघबीळ, कावेसर, ओवळे ही गावांची नावे माझ्या नातवाला बसथांब्यांची नावे म्हणून पाठ आहेत.

आता त्या भाजीकडे येते, कारण तुमच्या संपूर्ण पत्रात मला तेच वाक्य सर्वांत खरे वाटले. डोंगराबद्दल तुम्ही लिहिलेत ते कोणीही लिहिले असते. १४ वर्षांत प्रथमच ४ दिवस भाजीचा प्रश्न पडला नाही, हे फक्त तुम्हीच लिहू शकत होता. सासूबाई तुमच्याकडे राहायला आल्यापासूनची ही १४ वर्षे असावीत, असा माझा अंदाज आहे. तो चुकला असेल तर क्षमा करा. नोकरी, घर, आजारपणे, सणवार आणि रोज सकाळी ओट्यापाशी उभे राहून करायचा तोच हिशेब, यांतून तुम्हाला एका दरडीने सोडवले. माणूस ज्या ठिकाणी प्रथमच पाठ टेकतो, त्या ठिकाणावर त्याचा जीव बसतो आणि त्यात काही खोटे नाही. मात्र तिथे जाऊन घर बांधलेत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी 'आज भाजी कोणती करू' हा प्रश्न कल्पाच्या स्वयंपाकघरातही तुमचीच वाट पाहत असेल, आणि तिथे खाली उतरल्यावर मंडई नसेल.

शिवाय त्या ४ दिवसांत स्वयंपाक कोणी केला, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला आहे का? रस्ता बंद, पाहुणे जाता जात नाहीत, घरातला भाजीपाला संपत आलेला, बाजारातून नवा येण्याची सोय नाही, आणि तरी दोन्ही वेळा गरम जेवण वाढायचे, हे त्या घरातल्या सुनेने किंवा मुलीने केले असणार. तुमच्या पत्रात आजी आहेत, डोंगर आहे, गुलाबी रंग आहे. ती बाई नाही. तुम्हाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही घरी १४ वर्षे जे करता, नेमके तेच ती तुमच्यासाठी करीत होती, आणि तुमच्याइतकी तिची ओळख पटू शकेल अशी दुसरी व्यक्ती त्या सहलीत नव्हती. पुढच्या वेळी गेलात तर गच्चीवर जाण्याआधी तिच्यापाशी बसा.

पुढच्या वेळी म्हणजे केव्हा, हेही सांगते. मे महिन्यात नव्हे. कल्पा समुद्रसपाटीपासून सुमारे २,९६० मीटर उंचीवर आहे आणि त्या गावाचा स्वभाव हिवाळ्यात कळतो. स्वतंत्र भारतात पहिले मत या गावात दिले गेले, हे तुम्हाला तुमच्या यात्रा कंपनीने सांगितले असेलच. श्याम सरन नेगी या शिक्षकांनी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी तिथे मतदान केले (तेव्हा या गावाचे नाव 'चिनी' होते) आणि २०२२ मध्ये निधन होण्यापूर्वी काही दिवस त्यांनी घरूनच शेवटचे मतही दिले. ही हकिगत आपण कौतुकाने ऐकतो. परंतु देशाच्या बहुतेक भागांत १९५२ च्या सुरुवातीला मतदान झाले, मग तिथेच ते ऑक्टोबरमध्ये का घ्यावे लागले, याचे उत्तर बर्फ हे आहे. हिवाळा सुरू झाल्यावर त्या भागात मतपेट्या पोचवणे शक्य नव्हते. ज्या हिवाळ्यासाठी निवडणूक आयोगाला आपले वेळापत्रक बदलावे लागले, तो हिवाळा तुमच्या निवृत्तीच्या बेतात कुठेच नाही.

आज रस्ते सुधारले आहेत, गाड्या आहेत, वीज आहे, हे खरे. तरीही तिथे थंडीत नळाचे पाणी गोठते, खोली गरम ठेवण्यासाठी लोखंडी शेगडी पेटवावी लागते, जिला तिकडे तंदूर म्हणतात, आणि तिच्यासाठी लाकूड आधीच रचून ठेवावे लागते. मोठे रुग्णालय खाली रिकाँग पिओला आहे. त्याच्या आवाक्याबाहेरचे दुखणे निघाले तर सिमला गाठावे लागते आणि तो डोंगरी रस्ता सुमारे २३० किलोमीटरचा आहे. ८१ वर्षांच्या सासूबाईंना त्या उंचीवर, त्या थंडीत नेण्याचा विचार वैद्यकीय सल्ल्याशिवाय मनातही आणू नका. रस्त्याबद्दलही लिहायलाच हवे. २०२१ च्या जुलैमध्ये किन्नौरमधीलच बटसेरीजवळ दरडीतून आलेल्या दगडांखाली सापडून ९ पर्यटक गेले आणि पुढच्याच महिन्यात निगुलसरी येथे महामार्गावर डोंगर कोसळून पंचवीसहून अधिक माणसे दगावली. जी दरड तुम्हाला ४ दिवस भेट देऊन गेली, तशीच दरड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोसळली, तर वर्षभराच्या कमाईच्या सफरचंदाच्या पेट्या ट्रकमध्ये अडकून पडतात. त्या दिवसांत रस्ता आणखी दोन दिवस उघडू नये अशी प्रार्थना कल्पात कोणीही करीत नसेल.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, कारण हे सगळे मी शहाणपणाच्या उंच आसनावर बसून बोलते आहे, असे तुम्हाला वाटू नये. पस्तिशीत असताना अकोले तालुक्यातील एका वाडीवर माझा असाच जीव जडला होता. सप्टेंबर होता, सगळी पठारे सोनकीने पिवळी झाली होती, भाताच्या खाचरांत पाणी होते आणि आम्हाला उतरवून घेणाऱ्या घरात नाचणीची भाकरी आणि गरम पिठले मिळाले. ठाण्याला परतल्यावर मी महिनाभर यजमानांपाशी त्या वाडीचाच जप करीत होते. मग एका मध्यस्थाने आम्हाला एक जमीन दाखवली, आम्ही थोडा विसारही दिला, आणि नंतर कळले की ती आदिवासी कुटुंबाची जमीन आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे ती परवानगीवाचून आमच्या नावावर होऊच शकत नाही. विसार बुडाला. वर्षभर त्या वाडीचे नाव काढले की घरात भांडण होई.

पण पुढच्या एप्रिलमध्ये मी एकटी तिथे गेले, केवळ त्या घरच्या बाईंना आधी दिलेला शब्द पाळायचा म्हणून. पठार करपलेले होते, सोनकीचा मागमूस नव्हता आणि माझ्या यजमानीणबाई दुपारी दोन हंडे डोक्यावर घेऊन चढण चढत होत्या. मी एक हंडा मागितला. त्यांनी हसून कळशी दिली आणि तीही अर्ध्या वाटेत परत घेतली. त्या दिवशी मला ते गाव सप्टेंबरपेक्षा कमी आवडले, हे प्रामाणिकपणे सांगते. मात्र त्यानंतर गेली २७ वर्षे मी तिथे जाते आहे. माझ्या मालकीची तिथे एक वीट नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी मानाची लुगडी घेऊन गेले होते आणि माझ्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाई आसनगावपर्यंत जीप आणि पुढे लोकल करून तांदळाचे पोते घेऊन आल्या होत्या.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, या हिवाळ्यात तुम्ही कल्पाला जा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा बर्फ पाहायला गर्दी लोटते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरा. त्या कुटुंबाला आधी फोन करून विचारा की, त्या दिवसांत ते पाहुणे घेतात का, कारण अनेक घरे हिवाळ्यात खोल्या बंद ठेवतात आणि 'आमच्यासाठी उघडाच' असा आग्रह धरणे बरोबर नाही. ते हो म्हणाले तर दहा-बारा दिवस राहा, वाटेत सिमल्याला आणि रिकाँग पिओला मुक्काम करून शरीराला उंचीची सवय होऊ द्या, मोसम नाही म्हणून भाड्यात घासाघीस करू नका आणि परतीचे तिकीट बदलता येईल असे ठेवा. तिथे गेल्यावर गावाचे भले करण्याची ऊर्मी आली, तर ती तूर्त आवरा. मुलांना इंग्रजी शिकवावे, बायकांचा बचत गट काढावा, असे आपल्या शहरी मनाला पटकन सुचते. परंतु ज्या जिल्ह्यातील तरुण नव्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध स्वतःची मोहीम चालवतात, त्यांना खारघरहून आलेल्या पाहुण्याच्या मार्गदर्शनाची वाट पाहण्याचे कारण नाही. तुम्ही लेखा विभागात आहात. कोणी आपणहून हिशेबाची वही पुढे केली तर अवश्य पाहा.

यजमानांनी बरोबर यावे असा हट्ट या खेपेला धरू नका. ते खूळ म्हणतात त्यात थट्टा थोडी आणि भीती अधिक असावी, असे मला वाटते. बायको डोंगरात राहायला निघाली आणि आपले काय, आईचे काय, हा प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारलेला दिसत नाही. त्याऐवजी ते हसले. जागा घेण्याचा विषय मागे घेतला आहे, एवढे त्यांना स्पष्ट सांगा आणि त्यानंतर दहा-बारा दिवस आईची आणि घराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. आधी काय लागते याची यादी करून देऊ नका. 'आज भाजी कोणती करू' हा प्रश्न बारा दिवस त्यांना पडू द्या. तुमच्या पत्रातील मूळ तक्रारीवर हा उपाय कल्पाच्या हवेइतकाच उपयोगी पडेल, असा माझा कयास आहे, आणि तो वर्षातून एकदाच करावा असेही काही नाही.

जाता जाता एक विचारते. तुमच्या खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. पावसाळ्यात त्या डोंगराचे फोटो तुम्हीही काढले असतील. तिथल्या एखाद्या घरात तुम्ही कधी पाणी प्यायला आहात का? कल्पाला जाऊ नका आणि त्याऐवजी तिथे जा, असे मी म्हणत नाही, कारण एका गावाची ओढ दुसऱ्या गावाने भागत नाही. पण डोंगरातल्या गावाशी पाहुण्यापलीकडचे नाते जमते का, हे पाहायचे असेल, तर त्यासाठी फेब्रुवारीपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही.

आणि ते फोटो. पत्रात तुम्ही 'पाठवते म्हणून सांगितले' एवढेच लिहिले आहे, पाठवले असे लिहिलेले नाही. पर्यटकांनी पाठवते म्हणून सांगितलेले फोटो कोणत्याही डोंगरी गावात सहसा पोचत नाहीत आणि त्या आजींनाही ते ठाऊक असणार. फोनवर पाठवून भागवू नका; खारघर स्थानकाबाहेरच्या एखाद्या दुकानातून मोठ्या आकारात छापून घ्या, पाकिटात पुठ्ठा घाला म्हणजे दुमडणार नाहीत, पत्ता देवनागरीत लिहा आणि टपालाने पाठवा. सध्या तिथे सफरचंदांची तोडणी चाललेली असेल, तेव्हा उत्तर लगेच आले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. फोटोंत स्वयंपाकघरातल्या त्या बाईचा एखादा असला, तर तो सर्वांत वर ठेवा. नसला, तर सोबतच्या चिठ्ठीत त्यांचे नाव विचारा.